कृशता, फॅशन मॉडेलिंगमधील : गोव्यातील लोकदृष्टी

कपडे, दागिने व प्रसाधने यांच्या प्रदर्शनासाठी निवडलेल्या व्यक्ती विशिष्ट अंगकाठीच्या, म्हणजे उंच व अतिशय बारीक असाव्यात, असा या व्यवसायातील संकेत आहे. या संकेताबद्दल समाजात कौतुकही आहे आणि चिंताही. गोव्याची किनारपट्टी जाहिराती व फॅशन छायाचित्रणाचे नेहमीचे स्थळ असल्यामुळे येथे हा संकेत फलकांवर आणि किनाऱ्यावर रोज डोळ्यांसमोर असतो. घरातली देहविषयक भाषा मात्र निराळीच राहिली आहे.

संज्ञा : ‘देहप्रतिमा’ म्हणजे स्वतःच्या शरीराचे मनात असलेले चित्र. ही कल्पना व्यवस्थित मांडण्याचे श्रेय सामान्यतः पॉल शिल्डर या मनोविश्लेषकाच्या १९३५ मधील ग्रंथाला दिले जाते. मराठीत बारीकपणाचे शब्द दोन गटांत पडतात. सडपातळ, शेलाटी, चवळीची शेंग हे कौतुकाचे. रोड, किडकिडीत, हडकुळी, पाप्याचे पितर हे कीव वा निंदेचे. दोहोंमधली सीमा वजनकाट्यावर ठरत नाही. चेहऱ्यावर तेज असेल तर मुलगी शेलाटी, नसेल तर रोड. ‘किती गो वाळलीस, जेवतेस की नाही?’ हा गोव्यातील थोरल्या बायकांचा प्रश्न मायेचा असतो, पण त्यात घरच्या आबाळीची शंकाही असते. त्याच घरातून वधूवर जाहिरात द्यायची झाली, की मुलीच्या वर्णनात ‘सडपातळ’ हा शब्द आवर्जून येतो.

उगम : कृशतेची आवड बाहेरून आली की मुळात येथलीच, याविषयी मतभेद आहेत. ती देशी मानणारे ‘तन्वी’ या संस्कृत विशेषणाचा दाखला देतात. पण मेघदूतातील ज्या प्रसिद्ध श्लोकाचा आरंभ या शब्दाने होतो, त्याच श्लोकातील नायिका ‘मध्ये क्षामा’, म्हणजे केवळ कमरेशी बारीक आहे, आणि नितंबांच्या भाराने ती संथ चालते. कृशोदरी, सिंहकटी ही विशेषणेही कंबर-पोटापुरतीच आहेत. सगळे शरीर सारखेच सडसडीत असावे ही अपेक्षा त्यांतून निघत नाही.

दुसऱ्या मतानुसार ही अपेक्षा पाश्चात्त्य फॅशनमधून आली. तिची सुरुवात बहुधा १९६० च्या दशकाच्या मध्यात धरली जाते, कारण १९६६ मध्ये ट्विगी ही किशोरवयीन मॉडेल लंडनमध्ये एकाएकी प्रसिद्धीस आली. त्याच वर्षी, त्याच शहरात, मूळच्या गोमंतकीय कुटुंबातील रीटा फारिया मिस वर्ल्ड झाल्या. हा किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई स्त्री. वर्षभरानंतर मॉडेलिंग व चित्रपट बाजूला ठेवून त्या वैद्यकाकडे परतल्या. गोव्यात त्यांचा उल्लेख आजही रूपाइतकाच डॉक्टरकीच्या अभिमानाने होतो. भारतात मध्यमवर्गीय घरांपर्यंत ही अपेक्षा पोहोचली ती मात्र १९९० नंतर, उपग्रह वाहिन्या आणि १९९४ चे दोन जागतिक सौंदर्यकिताब यांच्या मागोमाग, असे दिसते.

या मताच्या पुष्टीसाठी मानववंशशास्त्रज्ञ व मनोविकारतज्ज्ञ अ‍ॅन बेकर यांच्या फिजी बेटांवरील पाहणीचा आधार घेतला जातो. तेथील एका प्रांतात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. त्या वेळी खाण्याविषयी विकृत कल दाखवणाऱ्या शाळकरी मुलींचे प्रमाण १२.७ टक्के होते. १९९८ मध्ये ते २९.२ टक्के आढळले. भरदार शरीराला मान देणाऱ्या, जेवणाचा आग्रह हे प्रेम मानणाऱ्या समाजातील हा बदल गोव्याला परका वाटू नये. मात्र दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या आणि प्रत्येक गट साठ-पासष्ट जणींचाच होता. एवढी सावधगिरी बाळगूनही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

शिवण आणि नेसण : संकेत टिकून राहण्याचे एक कारण निव्वळ शिवणकामातले आहे. प्रदर्शनापूर्वी कपड्यांचे नमुने एकाच लहान मापात शिवले जातात आणि मग त्या मापात बसणारी मॉडेल शोधली जाते. नेसूच्या वस्त्राचे तसे नसते. लाल-पांढऱ्या चौकडीचे, गुडघ्यापर्यंत नेसून खांद्यावर गाठ मारलेले कुणबी ‘कापड’ ज्या अंगावर जाईल त्या अंगाचे होते. मूळ नेसणीत चोळीही नव्हती, त्यामुळे मापाचा प्रश्नच येत नसे. कोलवाळचे वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०; पद्मश्री २०१४) यांनी या साडीच्या पुनरुज्जीवनासाठी झटून तिला फॅशनच्या मंचावर नेले, हे त्यांचे मोठेच काम. पण एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शेतात रोवणी करणाऱ्या कुणबी बाईचा काटकपणा श्रमाचा आणि पुष्कळदा अपुऱ्या अन्नाचा असे. मंचावर तेच वस्त्र नेसलेल्या मॉडेलचा बारीकपणा निवडीचा व नियमनाचा असतो. एकीच्या अंगकाठीकडे कुणी सौंदर्य म्हणून पाहिले नाही, दुसरीच्या अंगकाठीला मेहनताना मिळतो.

नियमन व देहमानांक : ऑगस्ट २००६ मध्ये उरुग्वेची २२ वर्षांची मॉडेल लुइसेल रामोस मंचावर चालून आल्यावर हृदय बंद पडून मरण पावली. सप्टेंबरमध्ये माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने १८ पेक्षा कमी देहमानांक (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा अंक) असलेल्या मॉडेलना मनाई केली. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कारोलिना रेस्टन वयाच्या २१ व्या वर्षी गेली. तिचे वजन सुमारे ४० किलो होते. इस्राएलने २०१२ मध्ये १८.५ ही किमान मर्यादा कायद्याने घातली. फ्रान्समधील मूळ प्रस्तावातही असा आकडा होता, पण अंतिम कायद्याने निर्णय डॉक्टरांवर सोपवला. २०१७ पासून तेथे वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि संगणकावर बारीक वा जाड केलेल्या जाहिरात-छायाचित्रावर तसे लिहावे लागते. भारतात मॉडेलसाठी देहमानांकाची अशी वैधानिक अट नाही.

फ्रान्सचा मार्ग अधिक योग्य वाटतो, आणि त्याची कारणे देहमानांकाच्या घडणीतच आहेत. देहमानांक म्हणजे किलोमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. हे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केतले याने लोकसमूहांच्या अभ्यासासाठी मांडले. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे आजचे इंग्रजी नाव त्याला १९७२ मध्ये अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी दिले. १७५ सेंमी उंचीच्या मॉडेलसाठी १८ म्हणजे सुमारे ५५ किलो आणि १८.५ म्हणजे जेमतेम दीड किलो अधिक. एवढा फरक दोन दिवस पाणी कमी-जास्त पिऊनही पडू शकतो. शिवाय आपल्याकडील शरीरांना हा अंक फसवतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली : दोघांचाही देहमानांक २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. बारीक दिसणारे भारतीय शरीर निरोगी असेलच असे नाही, आणि भरलेले शरीर अपथ्यानेच झाले असेही नाही.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यातील १५ ते ४९ वयोगटाच्या सुमारे १४ टक्के स्त्रियांचा देहमानांक १८.५ च्या खाली, तर सुमारे ३६ टक्के स्त्रियांचा २५ वा त्याहून अधिक होता. देशाचे आकडे अनुक्रमे सुमारे १९ व २४ टक्के. म्हणजे फलकावरचे शरीर आणि फलकाखालून जाणारे शरीर यांतले अंतर गोव्यात इतर अनेक राज्यांहून मोठे आहे.

पुरुष मॉडेलकडून कृशतेपेक्षा पिळदार स्नायूंची अपेक्षा असते. त्यापायी केले जाणारे कडक पथ्य व औषधांचा वापर हा वेगळ्या नोंदीचा विषय आहे.

आजार : अतिकृशतेशी जोडला जाणारा ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हा विकार विल्यम गल व शार्ल लासेग या डॉक्टरांनी १८७३ च्या सुमारास स्वतंत्रपणे वर्णिला. ‘भूक नसणे’ हा नावाचा अर्थ दिशाभूल करतो. भूक असते, ती दाबली जाते. पाळी थांबणे, सतत थंडी वाजणे, अंगावर बारीक लव येणे ही त्याची काही लक्षणे. सोमवार, एकादशी, श्रावण किंवा ख्रिस्ती घरांतील लेंट (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ) यांच्या आड अन्न टाळणे सहज लपू शकते, आणि मुलगी देवाधर्माची म्हणून कौतुकच होते. बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत मानसोपचाराची सरकारी सोय आहे. किशोरवयीन रुग्णांसाठी लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात विकसित झालेली कुटुंबाधारित उपचारपद्धती विशेष उपयुक्त मानली जाते. तिच्यात मुलीला दोष न देता जेवणाची जबाबदारी प्रथम आईवडिलांकडे दिली जाते आणि वजन सावरू लागले की टप्प्याटप्प्याने मुलीकडे परत सोपवली जाते.