रेल्वे सिम्युलेटरमधील आशयाचे स्थलांतर

रेल्वे सिम्युलेटर खेळाच्या जुन्या आवृत्तीसाठी खेळाडूंनी स्वतः तयार केलेले मार्ग, इंजिने, डबे, स्थानके, सिग्नल आणि त्यांवर रचलेल्या फेऱ्या नव्या आवृत्तीत पुन्हा चालत्या करण्याचे काम. ठाणे–नवी मुंबई परिसरातील मार्ग बांधणाऱ्यांसाठी हे काम दुहेरी असते. खेळाची आवृत्ती बदलते तशी येथील प्रत्यक्ष रेल्वेही बदलत राहते, आणि हे दोन बदल एकाच वेळी एकाच फाइलमध्ये उरकण्याचा मोह अनेक चांगल्या मार्गांना बाधला आहे.

पार्श्वभूमी

या छंदाचा आजचा घाट २००१ मध्ये ठरला. कुजू या ब्रिटिश संस्थेने बनवलेला ‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ आणि ऑस्ट्रेलियातील ऑरान कंपनीचा ‘ट्रेन्झ’ हे दोन्ही खेळ त्याच वर्षी आले. दोन्हींमध्ये घरबसल्या मार्ग बांधण्याची साधने होती. भारतीय इंजिने आणि मुंबईच्या लोकल गाड्या हौशी मंडळींनी बनवून त्यांत आणल्या. मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती जाहीर करूनही बाजारात आणली नाही. त्या खेळाचा आशय आज ‘ओपन रेल्स’ या मुक्तस्रोत प्रणालीमुळे जिवंत आहे. ट्रेन्झ मात्र ऑरानकडून ‘एन३व्ही गेम्स’कडे गेला आणि त्याच्या आवृत्त्या येत राहिल्या. २०१५ ची ‘अ न्यू एरा’ आणि नंतरच्या २०१९ व २०२२ या क्रमांकांच्या आवृत्त्या विशेष वापरात आहेत.

कुइड आणि अवलंबित्व

ट्रेन्झमध्ये प्रत्येक वस्तूला, मग ते इंजिन असो की फलाटावरचे बाकडे, ‘कुइड’ नावाचा ओळख क्रमांक असतो. त्यातला पहिला आकडा कर्त्याचा, दुसरा वस्तूचा. नंतर आलेल्या कुइड-२ प्रकारात तिसरा आकडा सुधारणेचा असतो. कर्ता आणि वस्तू यांचे आकडे तेच ठेवून तिसरा वाढवला, की खेळ जुन्या वस्तूच्या जागी आपोआप नवी वापरतो.

मार्गाच्या फाइलमध्ये प्रत्यक्ष बाकडे साठवलेले नसतेच. तेथे त्याचा कुइड, जागा आणि दिशा एवढेच लिहिलेले असते. म्हणून नुसती मार्गाची फाइल उचलून नव्या संगणकावर नेली, तर डोंगरउतार दिसतात, पण रूळ, इमारती, झाडे गायब असतात. लोकलच्या एका मोटर डब्याचे उदाहरण घेतले तर गुंता लक्षात येतो. डब्याचा सांगाडा ही एक वस्तू. त्याखालच्या बोगी, वरचा पेंटोग्राफ, मोटरचा आवाज, हॉर्न, मोटरमनची केबिन आणि वेग-ब्रेकचे गणित सांगणारे विनिर्देश या सगळ्या स्वतंत्र वस्तू असतात, आणि त्या वेगवेगळ्या देशांतल्या वेगवेगळ्या माणसांनी बनवलेल्या असू शकतात. एखादी वस्तू ज्या इतर वस्तूंवर उभी असते ती तिची अवलंबित्वे. त्यातली एक बोगी सापडली नाही तरी आशयाची यादी सांभाळणारा ‘कंटेंट मॅनेजर’ त्या डब्यावर ‘मिसिंग डिपेंडन्सीज’ (अवलंबित्वे गायब) असा शेरा मारतो.

स्थलांतराचे खरे काम त्यामुळे नव्या आवृत्तीत नव्हे, तर जुन्या आवृत्तीतच सुरू होते. मार्ग निवडून त्याच्या अवलंबित्वांची यादी काढायची, मग त्या अवलंबित्वांची अवलंबित्वे, असे तळापर्यंत जायचे आणि सगळे मिळून सीडीपी या बांधीव फाइलमध्ये निर्यात करायचे. ‘अननोन लोकेशन’ (ठिकाण अज्ञात) असा शेरा असलेल्या वस्तू याच वेळी टिपून ठेवाव्यात. जुना संगणक भंगारात गेल्यावर त्यांचा माग काढणे फार अवघड असते. अनेक वस्तू ज्या संकेतस्थळांवर होत्या ती संकेतस्थळेच बंद झालेली असतात.

सदोष वस्तू दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. मूळ वस्तू संपादनासाठी उघडून आहे त्या कुइडसह सुधारणे हा एक, आणि तिची प्रत काढून प्रतीवर काम करणे हा दुसरा. प्रत काढणे सुरक्षित वाटते, पण प्रतीला नवा कुइड मिळतो आणि मार्ग तर जुनाच कुइड मागत असतो. शंभर ठिकाणी बसवलेला विजेचा खांब प्रतीत दुरुस्त झाला, तरी मार्गावरचे खांब तसेच सदोष राहतात. स्वतःच्या वापरासाठी मूळ कुइड राखूनच दुरुस्ती करावी, हाच योग्य मार्ग आहे.

बिल्ड क्रमांक

प्रत्येक वस्तूच्या ‘कॉन्फिग’ या मजकूर-फाइलमध्ये बिल्ड क्रमांक, म्हणजे ती खेळाच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवली हे सांगणारा आकडा, असतो. २००९ च्या आवृत्तीचा क्रमांक २.९ पासून सुरू होतो, २०१९ च्या आवृत्तीचा ४.६ पासून. नवी आवृत्ती साधारणपणे जुन्या क्रमांकाची वस्तू स्वीकारते. उलटा प्रवास होत नाही. नव्या आवृत्तीत उघडून जतन केलेला मार्ग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. म्हणून हस्तांतरापूर्वीची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणे अनिवार्य आहे.

वस्तू सदोष दिसली की तिचा बिल्ड क्रमांक वाढवून पाहण्याची सवय नवख्यांना असते. परिणाम बहुधा उलटा होतो. क्रमांक जितका वरचा तितकी खेळाची तपासणी कडक. २००४ च्या काळातल्या वस्तूत चालून गेलेल्या गोष्टी पुढे चुका ठरल्या: पोताच्या (मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवायच्या) चित्राची लांबी-रुंदी २५६, ५१२ अशा दोनच्या घातांत नसणे, चित्राच्या जोडीची वर्णन-फाइल नसणे, कॉन्फिगमध्ये तीच ओळ दोनदा येणे, २४० बाय १८० चे छोटे ओळखचित्र नसणे. निरोगी मॉडेल नुसत्या ओळखचित्राअभावी सदोष वस्तूंच्या लाल यादीत जाते. क्रमांकाला हात न लावता चुकीबद्दलचा संदेश शेवटपर्यंत वाचून तेवढीच चूक काढावी. आज्ञावली (स्क्रिप्ट) असलेल्या वस्तू, म्हणजे सिग्नल, फाटके, प्रवासी चढ-उतार होणारी स्थानके, या मात्र जास्त वेळ मागतात, कारण त्यांची आज्ञावली ज्या ग्रंथालय-वस्तूंवर (सामाईक आज्ञावलींच्या संचांवर) उभी असते त्याही बदललेल्या असतात.

मायक्रोसॉफ्टकडून ओपन रेल्सकडे

येथे रूपांतर जवळजवळ करावेच लागत नाही. ओपन रेल्स जुन्या फाइली थेट वाचते. तरी दोन ठिकाणी घोळ होतो. रुळांच्या सर्व तुकड्यांची व्याख्या करणारी ‘टीसेक्शन’ फाइल सगळ्या मार्गांसाठी सामाईक असते. मार्ग ज्या टीसेक्शनवर बांधला त्याहून जुनी फाइल संगणकावर असेल, तर त्या तुकड्यांच्या जागी पोकळी राहते. दुसरे म्हणजे, मूळ खेळाच्या मजकूर-फाइली युनिकोडच्या १६-बिट रूपात असतात. साध्या संपादकात उघडून दुसऱ्या रूपात जतन केल्या, की मूळ खेळ त्या वाचत नाही.

ओपन रेल्सची एक सोय इतर खेळांनीही घ्यावी अशी आहे. इंजिनाच्या फोल्डरमध्ये ‘ओपनरेल्स’ नावाचा उपफोल्डर करून त्यात छोटी फाइल ठेवता येते. ती मूळ फाइल समाविष्ट करून घेते आणि बदललेल्या ओळी तेवढ्या खाली देते. मूळ कर्त्याचे काम जसेच्या तसे राहते आणि बदल कोणी, काय केला हे सहज दिसते. चुकांची नोंद डेस्कटॉपवरील लॉग-फाइलमध्ये होते. स्थलांतर करणाऱ्याने ती दरवेळी वाचावी.

ठाणे–वाशी मार्ग

ठाणे–वाशी हा ट्रान्स-हार्बर मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. सुमारे १८ किलोमीटरचा हा पट्टा हौशी बांधणीला सोयीचा आहे: एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसरीकडे औद्योगिक वसाहत, खाडीकडचा सपाट भाग आणि सिडकोची प्रशस्त स्थानके. ट्रेन्झमध्ये जमीन ७२० मीटरच्या चौरसांनी बनते, म्हणजे रुळाच्या रेषेवरच पंचवीसहून अधिक चौरस लागतात. मुख्य मार्गही घेतला, तर ठाण्यापुढचा १९१६ चा पारसिक बोगदा येतो. त्यासाठी जमिनीच्या जाळीला भोक पाडावे लागते, म्हणून जमिनीची जाळी बारीक केल्यावर बोगद्याची दोन्ही तोंडे प्रथम तपासावीत.

स्थानकांच्या पिवळ्या पाट्या चित्र म्हणून बनवलेल्या असतील, तर मराठी अक्षरे कोणत्याही आवृत्तीत शाबूत राहतात; पुढे त्यांत बदल करता यावा म्हणून मूळ चित्र-फाइलही जपावी. सिग्नलचे तसे नाही. भारतीय चार-संकेती पद्धतीत पिवळा आणि दुहेरी पिवळा हे वेगळे संकेत आहेत. दुहेरी पिवळा आज्ञावलीतून हरवला, तर गाडी धावते खरी, पण मोटरमनला मिळणारी आगाऊ सूचना नाहीशी होते आणि मुंबईच्या लोकलची चालच राहत नाही.

मग प्रत्यक्ष बदलांचा प्रश्न. २००४ च्या सुमारास बांधलेल्या मार्गात ठाणे आणि ऐरोली यांच्यामध्ये दिघा गाव स्थानक असणार नाही. ते जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. तसेच २००४ च्या सुमारास मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर १,५०० व्होल्ट डीसी वीज होती. २५,००० व्होल्ट एसीकडे जाण्याचे काम हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पुरे झाले. ९ डब्यांच्या गाड्या जाऊन १२ डब्यांच्या आल्या, आणि १२ डब्यांची गाडी सुमारे २५० मीटर लांब असल्याने खेळातले आखूड फलाट तिला पुरत नाहीत. ओपन रेल्समध्ये मार्गाच्या फाइलीतील व्होल्टचा आकडा बदलणे क्षणाचे काम आहे, पण तो आकडा त्या मार्गाचे साल सांगतो.

म्हणून आधी मार्ग आहे तसा, त्याच्या सालासह, नव्या आवृत्तीत उभा करावा. दिघा गाव, एसी वीज आणि लांब फलाट घालायचे असतील, तर ते त्यानंतर, वेगळ्या नावाच्या आणि वेगळ्या कुइडच्या मार्गात घालावेत. दोन्ही कामे मिसळली, की बिघाड आवृत्तीमुळे झाला की नव्या बांधकामामुळे, हे शोधता येत नाही. शिवाय जुन्या ठाणे–वाशीचे चित्र कायमचे पुसले जाते.

परवानगी

बहुतेक हौशी आशय विनामूल्य असला तरी मुक्त नसतो. वाचा-मला फाइलमध्ये किंवा कॉन्फिगच्या परवाना-ओळीत कर्त्याच्या अटी असतात. स्वतःच्या संगणकावरील दुरुस्तीला सहसा हरकत नसते. दुरुस्त वस्तू इतरांना वाटण्यासाठी कर्त्याची संमती हवी. ती मिळत नसेल, तर केवळ बदलाची फाइल वाटणे आणि मूळ वस्तू ज्याने त्याने मूळ ठिकाणाहून घेणे, हा प्रामाणिक मार्ग आहे. विकत घेतलेल्या जोड-आशयाच्या फाइली बहुधा कुलूपबंद असतात. तो विक्रेत्याने नव्या आवृत्तीसाठी दिला तरच नेता येतो.

फेऱ्यांचे हस्तांतर

ट्रेन्झमधील ‘सेशन’, म्हणजे मार्गावर रचलेली फेरी, मार्गाच्या कुइडला बांधलेले असते. मार्गाची प्रत काढून ती नव्या कुइडने सुधारली, तर सकाळच्या गर्दीची ठाणे–वाशी फेरी जुन्या मार्गापाशीच राहते. त्यामुळे सेशन जुन्या मार्गावर उघडून तपासून घ्यावे, मग कॉन्फिगमधील मार्गाचा कुइड बदलून नव्या मार्गाशी जोडावे आणि गाड्यांच्या आज्ञांमधील स्थानकांची नावे एकेक करून पडताळावीत.