कॅज्युअल्टीतला प्रोब आणि १९८८चा कायदा

लोकलमधून पडलेल्या किंवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बाइकवरून उडालेल्या माणसाला शीव रुग्णालयात आणलं जातं, तेव्हा डॉक्टरांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती न दिसणाऱ्या रक्ताची. मोडलेला पाय दिसतो, डोक्याची जखम दिसते. फाटलेली प्लीहा मात्र बाहेरून कळत नाही, आणि पोटात दोन लिटर रक्त साठेपर्यंत पेशंट बोलतही असतो.

हे रक्त शोधण्याची जुनी पद्धत ऐकायलाच नको वाटते. १९६५पासून रूढ झालेल्या त्या पद्धतीत बेंबीखाली छेद देऊन नळी घालायची, सलाईन आत सोडायचं आणि परत आलेलं पाणी लाल आहे का ते बघायचं. सोनोग्राफी तेव्हा नव्हती असं नाही. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा पोटाच्या सोनोग्राफीवरचा गाजलेला लेख १९५८ सालचा. पण ते काम स्त्रीरोगाचं आणि यंत्रं अवजड. अपघाताच्या पेशंटच्या पोटावर प्रोब, म्हणजे यंत्राचा अंगावर टेकवायचा भाग, ठेवायला आधी जर्मनी आणि जपानमधल्या सर्जननी सुरुवात केली. नव्वदच्या दशकात अमेरिकेत त्या तपासणीला ‘फास्ट’ हे नाव पडलं आणि ती जगभर शिकवली जाऊ लागली. यकृताखाली, प्लीहेजवळ, हृदयाभोवती आणि ओटीपोटात अशा चार जागा बघायच्या. काळी पट्टी दिसली की ते बहुधा रक्त. हात बसलेला डॉक्टर हे काही मिनिटांत उरकतो, आणि पेशंट स्ट्रेचरवरून हलत नाही. पुढे त्यात फुप्फुसंही आली. पॅरिसच्या डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी २००८ मध्ये धाप लागलेल्या पेशंटसाठी फुप्फुसांच्या सोनोग्राफीची पद्धत बांधून दिली, आणि कोविडच्या काळात अनेक अतिदक्षता विभागांनी ती वापरली.

म्हणजे जगात यंत्र पेशंटपाशी जाऊ लागलं होतं. त्याच काळात महाराष्ट्रात मात्र यंत्राला जागच्या जागी खिळवण्याची तयारी चालली होती, आणि तीही सबळ कारणाने.

ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भलिंग तपासणीच्या जाहिराती उघड झळकत. त्याविरुद्ध इथल्या स्त्री संघटना, डॉक्टर आणि कार्यकर्त्यांनी मोहीम उभी केली आणि १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य ठरलं. त्या वेळी रोख होता गर्भजल परीक्षेवर. सोनोग्राफी स्वस्त झाल्यावर तिने ती जागा घेतली. केंद्राचा कायदा १९९४ सालचा, लागू झाला १ जानेवारी १९९६ला, पण कागदावरच राहिला. २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’ आणि पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे सरकारं हलली. २००३ मध्ये कायदा कडक झाला. गर्भाचं लिंग ओळखू शकेल असं कोणतंही यंत्र, ते ठेवलेली जागा, अगदी वाहनसुद्धा नोंदणीच्या कक्षेत आलं. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी आपल्या इतकी ओळखीची आहे की ती आता कुणी वाचत नाही.

तरी आकडे घसरतच होते. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. कोल्हापूरला तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं उपकरण, जोडायला लावला. रेडिओलॉजिस्टांची संघटना त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये हरली. फेब्रुवारी २०१२ मध्ये केंद्राने खास पोर्टेबल यंत्रांसाठी नियम आणला: ते नोंदणी झालेल्या आवारात, तिथे दाखल असलेल्या पेशंटसाठीच वापरायचं, नाहीतर फिरत्या वैद्यकीय पथकात इतर आरोग्यसेवांच्या जोडीने. बॅगेत यंत्र घालून गावोगाव फिरणाऱ्यांना रोखण्यासाठी हे आवश्यकच होतं, असं माझं मत आहे.

पण अडचण शरीररचनेतच आहे. अपघातात ओटीपोटातलं रक्त ज्या खिडकीतून दिसतं, त्याच खिडकीतून गर्भ दिसतो. प्रोबही तोच. गर्भलिंग बघता येणार नाही आणि रक्त मात्र दिसेल, असं यंत्र कायद्याला ठाऊक नाही. गर्भवती बाई असेल तर एफ फॉर्म, म्हणजे तिच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा कायद्याने ठरवलेला अर्ज, भरावाच लागतो, आणि त्यातल्या चुकांना निव्वळ कारकुनी म्हणून सोडून द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नकार दिला. गर्भनलिका फुटून रक्तस्राव होत असलेली बाई रात्री दोनला येते, तेव्हा एका हातात प्रोब असतो आणि डोक्यात कागद.

एक्स-रेला ही कटकट नाही. एक्स-रे यंत्राला परवाना लागतो, पण तो किरणोत्सारासाठी, आणि देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ इथेच अणुशक्तीनगरात आहे. २०१६ मध्ये मुंबईतच सुरू झालेल्या ‘क्युअर डॉट एआय’च्या डोक्याचे सीटी वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला २०२० मध्ये अमेरिकेची मान्यता मिळाली. या शहरात लिहिलेला प्रोग्राम परदेशातल्या पेशंटच्या मेंदूतला रक्तस्राव शोधतो, आणि इथे सोनोग्राफीचं यंत्र एका आवारातून दुसऱ्या आवारात नेणं हा गुन्हा ठरू शकतो.

मोठ्या रुग्णालयांचं निभतं, कारण आवार नोंदलेलं असतं आणि निवासी डॉक्टर असतात. इमर्जन्सी मेडिसिनला देशात स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. त्यानंतर तयार झालेल्या डॉक्टरांना प्रोब धरायला शिकवलेलंच असतं. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला चिपवरचा प्रोब तर मोबाइलला जोडून खिशात बसतो. खिशाची नोंदणी कोणत्या पत्त्यावर करायची?

खरा अडसर त्याआधीच्या टप्प्यावर आहे. जानेवारी २०१४ मध्ये राज्यात १०८ सेवा सुरू झाली ती ९३७ अँब्युलन्स घेऊन, आणि तिचं वैशिष्ट्य म्हणजे गाडीत डॉक्टर. शीवच्या पुलाखाली गाडी अडकली असताना पोटात रक्त आहे का हे कळलं, तर ऑपरेशन थिएटर आधीच सज्ज ठेवता येईल. पण २०१२चा नियम फिरत्या दवाखान्याचा विचार करून लिहिलेला आहे, अपघाताकडे धावणाऱ्या गाडीचा नाही. शिवाय १०८वरचे पुष्कळ डॉक्टर बीएएमएस असतात, आणि सोनोग्राफी कुणी करावी याच्या कायद्यातल्या व्याख्येत ते बसत नाहीत. उद्या प्रत्येक गाडीत प्रोब दिला, तरी तो हातात घ्यायला बहुतेक गाड्यांमध्ये कायद्याने कुणी नसेल.