पाठीवर टाके की पिना?

मणक्याच्या ऑपरेशननंतर पहिलं ड्रेसिंग उघडताना नातेवाईक हमखास विचारतात, "सिस्टर, टाके किती पडलेत?" पाठीच्या मधोमध चकचकीत पिनांची रांग दिसली की त्यांचा चेहराच उतरतो. काहींना वाटतं, घाईत उरकलंय. काहींना त्या मणक्यात बसवलेल्या आतल्या स्क्रूचाच भाग वाटतात.

पिना म्हणजे स्टेनलेस स्टीलचे स्टेपल. ते फक्त कातडी जोडतात, आतल्या स्क्रूशी त्यांचा संबंध नाही. लांबलचक जखमही त्यांनी काही मिनिटांत बंद होते. साधारण दोन आठवड्यांनी काढताना रिमूव्हरची चोच पिनेखाली सरकवून दाबायची; पीन मधोमध वाकते आणि तिचे दोन्ही पाय अलगद वर येतात. चिमटा काढल्यासारखं वाटतं, तेवढंच. टाके नायलॉनचे असतील तर तेही काढावे लागतात. विरघळणाऱ्या दोऱ्याने कातडीच्या आतून घातलेले असतील तर बाहेर नुसती रेघ दिसते. टाके घालायला वेळ लागतो, हातही सरावाचा लागतो.

मग इन्फेक्शन कशाने जास्त? २०१० साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हाडांच्या ऑपरेशनांवरचे सहा अभ्यास एकत्र तपासले गेले. एकूण ६८३ जखमा होत्या. पिनांच्या गटात वरवरचं इन्फेक्शन तिपटीहून जास्त निघालं. हा आकडा ऐकून घाबरलेल्या माणसाला मी दोन गोष्टी सांगते. फरक सर्वांत ठळक दिसला तो खुब्याच्या ऑपरेशनांत, आणि मूळ अभ्यासांतल्या उणिवा लेखकांनीच नोंदवल्या आहेत. त्यावरून पाठीचा निकाल लावता येत नाही.

शिवाय कातडी कशानेही जोडलेली असो, तिच्याखाली स्नायूंवर एक चिवट पडदा असतो. डॉक्टर त्याला फॅशिया म्हणतात. तो दोऱ्यानेच, पाणी झिरपणार नाही इतका घट्ट शिवतात. कातडीपुरतं इन्फेक्शन बहुतेकदा ड्रेसिंग आणि औषधांनी आटोक्यात येतं. जंतू या पडद्याखाली उतरले की ते स्क्रू-रॉडवर चिकट थर करून बसतात. त्या थरात औषध नीट पोचत नाही, आणि मग जखम पुन्हा उघडून धुवावी लागते. ताबा नसलेली साखर, तंबाखू, वाढलेलं वजन यांनी हा धोका वाढतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी पिनांची चौकशी करण्यापेक्षा तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) तपासून घ्या, असं मी कळकळीने सांगते.

घरी गेल्यावर रोज गॉज बघा. कोरडी झालेली जखम पुन्हा ओली होऊ लागली, पू किंवा वास आला, ताप चढला, पाठीचं दुखणं कमी होत आलं असताना उलटं वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. पाण्यासारखं पातळ काही झिरपतंय आणि उठून बसल्यावर डोकं दुखतं, आडवं झाल्यावर थांबतं, असं असेल तर मज्जारज्जूभोवतालचं पाणी गळत असू शकतं. त्याच दिवशी सर्जनला दाखवा.