पिल्लाचा शेवटचा डोस आणि त्यानंतरची वर्षं

कुत्र्याच्या पिल्लाला लशीचे तीन-तीन डोस का देतात? पहिल्याचं बळ दुसरा वाढवतो, दुसऱ्याचं तिसरा, असा बहुतेकांचा समज असतो. डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांच्या बाबतीत तसं नसतं. आईच्या चिकातून पिल्लाला आयती प्रतिपिंडं (रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) मिळतात आणि तीच लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूलाही निकामी करतात. ती ओसरली की मगच लस लागू पडते. कुणाची आठव्या आठवड्यात ओसरतात, तर कुणाची थेट पंधराव्या-सोळाव्या. एकाच वेतातल्या भावंडांतही फरक असतो. म्हणून 6 ते 8 आठवड्यांच्या वयापासून दर 2 ते 4 आठवड्यांनी डोस देत राहायचं, ते वयाचे 16 आठवडे पुरे होईपर्यंत. त्यातला एक लागू पडला तरी पुरतो. पण काही पिल्लांत तो शेवटचाच असतो आणि नेमका तोच चुकवला जातो, याचं फार वाईट वाटतं. पार्व्होने रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू वाचवणं सोपं नसतं.

एवढं करूनही एखाद्या पिल्लाला लस लागू पडलेली नसू शकते. म्हणून साधारण सहा महिन्यांचं झाल्यावर आणखी एक डोस द्यावा, वर्षभर थांबू नये, असं आता जागतिक पातळीवरचे पशुवैद्यक सांगतात. पुढे मात्र या लशी तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा लागत नाहीत. जिवंत विषाणूची लस शरीरात वाढते, खऱ्या संसर्गासारखीच ओळख पटवते आणि ती ओळख जपणाऱ्या पेशी वर्षानुवर्षं टिकतात.

लेप्टोस्पायरोसिसचं गणित वेगळं. हा जिवाणूंचा रोग आणि त्याची लस मारलेल्या जिवाणूंची. तिथे दुसरा डोस खरोखरच पहिल्याचं काम पुरं करतो, आणि संरक्षण जेमतेम वर्षभर पुरतं. म्हणून ती दरवर्षी घ्यायची. रेबीजची लस तिच्या प्रकाराप्रमाणे आणि तिथल्या कायद्याप्रमाणे एक किंवा तीन वर्षांनी. तिची तारीख कधीच टळू देऊ नये, कारण लक्षणं दिसू लागल्यावर हा रोग बरा होत नाही आणि तो माणसालाही होतो.

मांजरांत पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य रोगापासूनचं संरक्षण असंच दीर्घ टिकतं. सर्दीसारखा आजार आणणाऱ्या हर्पिस आणि कॅलिसी विषाणूंपासूनचं मात्र अर्धवटच असतं, त्यामुळे इतर मांजरांत मिसळणाऱ्या मांजराला त्या लशी दरवर्षी देतात. घरात एकट्या राहणाऱ्याला तीन वर्षांनी दिल्या तरी चालतं. क्वचित एखाद्या मांजराला सुईच्या जागी कर्करोगाची गाठ होते, म्हणूनही जादा टोचणं टाळावं.

शंका असेल तर रक्तातली प्रतिपिंडं तपासता येतात. कुत्र्यात डिस्टेंपर, पार्व्हो आणि ॲडेनोविषाणू (यकृताचा आजार आणणारा) यांच्यासाठी ही तपासणी भरवशाची आहे. लेप्टोसाठी तिचा उपयोग नाही.