सॅली वेगळी, एमिली वेगळी

गेल्या हॅलोविनला ताईच्या लेकीने 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' या पिक्चरमधल्या सॅलीचा वेष केला होता. ताई न्यू जर्सीत असते आणि तिकडे या दिवसाची पोरं वेड्यासारखी तयारी करतात. हिने दोन आठवडे खपून चिंध्या जोडजोडून ठिगळांचा फ्रॉक शिवला, लाल विग आणला, तोंडावर आयलायनरने टाके काढले, ताईने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या मिनिटाला आमच्या मावसभावाचा मेसेज, "वा, कॉर्प्स ब्राइड का? मस्तच!" झालं. पोरीचा मला थेट फोन. मामा तूच सांग त्यांना, कॉर्प्स ब्राइड म्हणजे त्या दुसऱ्या पिक्चरमधली मेलेली नवरी एमिली, ती निळी असते, तिच्या डोक्यावर लग्नातली जाळी असते, मी कुठून निळी दिसतेय?

मावसभावाची तरी काय चूक म्हणा. 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' आला 1993ला, 'कॉर्प्स ब्राइड' 2005ला, मध्ये तब्बल बारा वर्षं, पण लांबून बघितलं तर जुळी भावंडं वाटतात. दोन्ही स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुल्या एकेक फ्रेमला जराशा हलवून फोटो काढत केलेले. दोन्हीत काडीसारख्या पायांचा लांबोडका हिरो (नाइटमेअरमध्ये जॅक, कॉर्प्स ब्राइडमध्ये व्हिक्टर), दोन्हीत मेलेल्यांची वस्ती, दोन्हीत संगीत डॅनी एल्फमनचं, दोन्हीच्या पटकथेत कॅरोलाइन थॉम्पसनचा हात. मेलेला कुत्रासुद्धा दोन्हीकडे आहे! एकात झीरो, तो भूत आहे आणि त्याचं नाक म्हणजे पेटलेला इवलासा भोपळा, दुसऱ्यात स्क्रॅप्स, तो नुसता हाडांचा सापळा. लांबी एकाची 76 मिनिटं, दुसऱ्याची 77. आणि दोन्हीच्या नावाआधी ठळक अक्षरात हॉलिवूडचा दिग्दर्शक टिम बर्टन याचं नाव.

खरा घोळ या शेवटच्या गोष्टीने केलाय, आणि फॅन लोकांची सगळ्यात जास्त भांडणंही इथेच होतात.

नाइटमेअर बर्टनने डिरेक्ट केलेला नाही. तो हेन्री सेलिकचा पिक्चर आहे. बर्टनने 1982मध्ये, डिस्नेत नोकरीला असताना, एक कविता लिहिली आणि जॅकची चित्रं काढली, कल्पना शंभर टक्के त्याची, पुढे तो निर्माताही झाला, पण सॅन फ्रान्सिस्कोत बाहुल्या हलायला लागल्या तेव्हा हा माणूस बॅटमॅनच्या दुसऱ्या पिक्चरमध्ये अडकला होता. सेलिक आणि त्याची माणसं तिकडे जवळजवळ तीन वर्षं राबली. सेलिकने नंतर मुलाखतीत सांगितलंय की बर्टनचं नाव टायटलच्या आधी लागलं ते रिलीजला काहीच आठवडे उरले असताना, आणि ते त्याला बोचलं. बोचणारच ना. लग्नात सगळा स्वयंपाक एकाने करायचा आणि पंगतीत वाढायला उभ्या राहिलेल्याने कौतुक घ्यायचं, असला प्रकार. अर्थात बर्टनवाले फॅन म्हणतात की अरे पण जॅकचा तो चेहरा, ती वळणदार टेकडी, ते एकूण जगच त्याच्या वहीतून आलंय, आणि तेही खोटं नाही. मी मात्र सेलिकच्या बाजूचा.

कॉर्प्स ब्राइडवर बर्टनचं नाव दिग्दर्शक म्हणून आहे, पण तिथेही जोडीला माइक जॉन्सन आहे. बर्टन त्याच सुमाराला चॉकलेट फॅक्टरीवाला मोठा पिक्चर करत होता, जॉनी डेप आणि हेलेना बोनहॅम कार्टर हीच मंडळी घेऊन, दोन्ही पिक्चर 2005मध्येच आले. म्हणजे जो खरोखर बर्टनचा म्हणायचा त्यातही रोज बाहुल्यांजवळ उभं राहणारा माणूस दुसराच. आणि 2009चा 'कॉरलाइन' तर अख्खा सेलिकचा, बर्टनचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, तरी लोक तोही बर्टनच्याच खात्यात टाकतात. सेलिकचं नशीबच तसं.

आता नावं बाजूला ठेवा आणि तोंडं बघा. मी भाचीला हेच सांगितलं की पुढच्या वेळी कोणी घोळ घातला तर चेहरा कसा हलतो ते बघायला सांग, सेकंदात कळतं.

नाइटमेअरमध्ये जॅकचं डोकं बदलायचे. म्हणजे अक्षरशः धडावरून काढायचे आणि दुसरं बसवायचे. त्याच्यासाठी चारशेच्या आसपास डोकी बनवली होती, 'आ' म्हणतानाचं एक, 'ऊ' म्हणतानाचं एक, हसताना वेगळं, दात विचकताना वेगळं. सेकंदाला 24 फ्रेम धरा आणि 76 मिनिटांचा हिशोब करा, एक लाख नऊ हजारांच्या वर फ्रेम होतात. सॅलीच्या बाबतीत अख्खं डोकं बदललं तर दर वेळी केस विस्कटणार, म्हणून तिचा फक्त चेहऱ्याचा पुढचा मुखवटा बदलायचे, मागे केस तसेच. आता 'व्हॉट्स धिस' गाणं परत लावून बघा. जॅक पहिल्यांदा बर्फ बघतो तेव्हा त्याचा चेहरा एका भावावरून दुसऱ्या भावावर टुणकन उडी मारतो. डोळ्यांच्या जागी नुसती काळी भोकं, बुबुळं नाहीत, तरी पोरासारखा हरखलेला दिसतो तो या उड्यांमुळे.

कॉर्प्स ब्राइडमध्ये डोकी बदलत नाहीत. मँचेस्टरच्या मॅकिनन अँड सॉन्डर्स या बाहुल्या बनवणाऱ्या कंपनीने मुख्य पात्रांच्या डोक्यात घड्याळासारखी बारीक यंत्रं बसवली, वरून सिलिकॉनची कातडी. अ‍ॅनिमेटरने बाहुलीच्या कानात बारीकशी चावी घालून जराशी फिरवायची की ओठाचा कोपरा हलतो. त्यामुळे व्हिक्टरचा चेहरा उडी मारत नाही, सरकत जातो. लाज हळूहळू वर चढते, हसू अर्ध्यात विरतं. शूटिंगही फिल्मवर न करता डिजिटल स्टिल कॅमेऱ्यांवर केलं. एवढं गुळगुळीत झालं की तेव्हा बऱ्याच जणांना हा कॉम्प्युटरवर केलेला पिक्चर वाटला, आणि जुने नाइटमेअरवाले फॅन आजही हीच तक्रार करतात, की बाहुलीचा बाहुलीपणाच गेला, हाताने केल्याची ती थरथर दिसत नाही. मला स्वतःला दोन्ही चालतं. पण जॅकला कानात चावी घालून हलवलं असतं तर तो जॅक राहिला नसता, आणि व्हिक्टरला चारशे डोकी दिली असती तर तो बिचारा सारखा दचकल्यासारखा दिसला असता, एवढं मात्र वाटतं.

सॅली आणि एमिली यांच्यात लोक गोंधळतात त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते फार कमी जण बोलून दाखवतात. दोघींचे हात निखळतात. खरंच. सॅली म्हणजे डॉक्टर फिंकलस्टाइनने शिवलेली कापडी बाहुली, आत वाळकी पानं भरलेली. डॉक्टर तिला धरून ठेवतो तर ती आपल्याच दंडाचा दोरा उसवते आणि हात त्याच्या हातात सोडून पळून जाते. पुढे खिडकीतून खाली उडी टाकते, अवयव इकडे तिकडे, मग सुई-दोरा काढून शांतपणे स्वतःला शिवत बसते. एमिलीचा हात वेगळ्या कारणाने सुटतो, ती मेलेलीच आहे. व्हिक्टरबरोबर पियानो वाजवताना रंगात येते आणि तिचा हात मनगटापासून सुटून एकटाच पट्ट्यांवर वाजवत वाजवत त्याच्याकडे जातो, ती ओशाळते, तो म्हणतो तुझा हा उत्साह मला आवडतो. दोन्ही सीन एकापाठोपाठ बघा म्हणजे दोघी कशा आहेत ते समजतं. एक हात मुद्दाम सोडते कारण तिला निसटायचंय, दुसरीचा हात तिच्या नकळत सुटतो कारण तिला कोणाजवळ तरी जायचंय. म्हणून माझी भाची भडकली ते बरोबरच होतं. तिने तोंडावर काढलेले टाके हे नुसते मेकअपचे नव्हते, सॅली स्वतःला स्वतः शिवते हा मुद्दा होता.

एमिली आपल्या लोकांना लवकर पटते, त्याचं कारण आपल्याकडे ती ऑलरेडी आहे. मुंजा आठवा. मुंज झाली, लग्न व्हायच्या आत गेला, इच्छा राहिली, बसला पिंपळावर. एमिलीचं तेच, नवरीच्या वेषात मारली गेली आणि लग्न राहिलं. व्हिक्टर जंगलात लग्नाच्या शपथांची तालीम करताना एका काटकीत अंगठी घालतो आणि ती काटकी निघते तिचं बोट! पिक्चरचं मूळ ज्यूंच्या जुन्या लोककथेत आहे, पण कोकणातल्या कुठल्याही आजीला सांगितलीत तर ती म्हणेल त्यात नवीन काय. नाइटमेअरला असा आपला जोड सापडत नाही. हॅलोविन गावाचा राजा तेच तेच करून कंटाळतो, झाडातल्या दारातून ख्रिसमसच्या गावात पडतो आणि सांताला पळवून सणच ताब्यात घेतो, ही एकदम तिकडची गोष्ट. एक पोरगा झाडाखाली मिळालेला खोका उघडतो, आईबाप कौतुकाने विचारतात सांताने काय दिलं, तर हा आकसलेलं मुंडकं वर धरून दाखवतो. मी त्या जागी दर वेळी हसतो.

सणाचा विषय निघालाच तर, हे लक्षात ठेवा की सणाचा पिक्चर फक्त नाइटमेअर आहे. कॉर्प्स ब्राइडमध्ये हॅलोविन नाही, ख्रिसमस नाही, फक्त लग्न आहे, तरी ऑक्टोबरच्या याद्यांमध्ये लोक तिलाही घुसवतात कारण सापळे आहेत. आणि नाइटमेअर नक्की कुठल्या सणाचा यावर फॅन लोक तीस वर्षं भांडतायत. ख्रिसमसवाले म्हणतात पिक्चर सुरू होतो तोच हॅलोविनची रात्र संपताना, पुढचा सगळा गोंधळ ख्रिसमसचा, शेवटी बर्फ पडतो. हॅलोविनवाले म्हणतात अमेरिकेत रिलीज ऑक्टोबरमध्ये झाला, पहिलंच गाणं हॅलोविनचं, आणि स्वतः सेलिकने 2015मध्ये एका हॉरर फेस्टिव्हलमध्ये विचारल्यावर हॅलोविन असं उत्तर दिलं. मधले लोक 31 ऑक्टोबर ते 25 डिसेंबर कधीही बघा म्हणतात आणि बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. मी दिवाळीच्या सुट्टीत बघतो, चकली हातात घेऊन, तारीखही साधारण तीच पडते.

बाकी फॅन लोकांची मतं ऐकली तर एक गंमत दिसते. नाइटमेअरवाल्यांना सगळी गाणी पाठ असतात पण जॅक-सॅलीचं प्रेम शेवटच्या दोन मिनिटांत उरकलंय हे तेही मान्य करतात. सॅली पिक्चरभर त्याच्यासाठी राबते, त्याला कळतं टेकडीवर पोचल्यावर! उलट कॉर्प्स ब्राइडवाल्यांना एखादंच गाणं आठवतं पण शेवट विचारा, एमिली चांदण्यात फुलपाखरं होऊन उडून जाते, तिथे सगळ्यांचा आवाज बसतो, आणि मग लगेच भांडण, व्हिक्टरने एमिलीशी लग्न करायला हवं होतं की त्याचं आधी जिच्याशी ठरलं होतं त्या व्हिक्टोरियाशी. मी यात पडत नाही. व्हिक्टोरियानेही काही वाईट केलेलं नाही हो.

नाइटमेअरचं नशीब मात्र उशिरा उघडलं. डिस्नेला तो आपल्या नावाने काढायला फार भेसूर वाटला म्हणून टचस्टोन या दुसऱ्या लेबलखाली आणला, मग 2001पासून डिस्नेलँडमधला भूतबंगला दर वर्षी सणासाठी जॅकच्या रूपात सजायला लागला, 2006मध्ये थ्रीडीत परत आणला तेव्हा वर डिस्नेचं नाव लावलं आणि 2023मध्ये तो अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या पिक्चरच्या सरकारी यादीत गेला. कॉर्प्स ब्राइडला ऑस्करचं अ‍ॅनिमेशनचं नामांकन होतं, त्या वर्षी वॉलेस अँड ग्रोमिटने नेलं. तीही बाहुल्यांचीच मंडळी, पण मातीच्या.

तर हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, व्हॉइस नोटही टाकली, भाचीने वर हार्ट दिलं. दोन दिवसांनी मावसभावाचा मेसेज आला, "दोन्ही बघितले. सॅलीचं कळलं, सॉरी बेटा. पण तो कुत्रा तोच आहे ना?"