अंडाशय आणि गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये बायोमार्कर तपासणी: कोणाला, कुठे, कोणत्या कागदांवर

डॉक्टरांनी बायोमार्कर (कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारी, कॅन्सरच्या तुकड्यावर किंवा रक्तावर होणारी तपासणी) लिहून दिलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘किती लागतील?’ त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: ‘आईचा ब्लॉक कुठं आहे?’

शस्त्रक्रियेत किंवा बायोप्सीत काढलेला तुकडा मेणात बसवून प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत ठेवतात, तो ब्लॉक. कडेला बारीक अक्षरात एक नंबर असतो आणि बायोप्सी रिपोर्टवरही तोच नंबर असतो. बहुतेक बायोमार्कर तपासण्या या ब्लॉकवर होतात. तालुक्याच्या ठिकाणी ‘पिशवी काढली’, पण तुकडा तपासायला पाठवलाच नाही, अशा बायका आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच विचारून घ्या की तुकडा पॅथॉलॉजीला जाणार का, आणि रिपोर्ट कधी मिळणार. तुकडा साध्या पाण्यात किंवा सलाइनमध्ये घरी आणून ठेवला तर तो खराब होतो. तो फॉर्मॅलिनमध्येच हवा, आणि तेही डॉक्टरांनी भरून दिलेलं.

ब्लॉक मागायला साधा अर्ज पुरतो. रुग्णाचं नाव, बायोप्सी नंबर, तारीख, कोणत्या रुग्णालयात पुढील तपासणीसाठी हवा ते, आणि रुग्णाची सही किंवा अंगठा. सोबत आधारची प्रत आणि नव्या डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. नातेवाईक जाणार असेल तर अधिकारपत्र द्या. ब्लॉक मिळाल्याची पोच दोघांकडे राहू द्या. काम झाल्यावर उरलेला ब्लॉक परत मागा, फेकू नका. आजार उलटला तर तोच पुन्हा लागतो.

तपासणी कोणाला लागते

सगळ्यांना सगळ्या तपासण्या नाहीत. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये रिपोर्टवर ‘हाय ग्रेड सिरस’ (वेगाने वाढणारा एक प्रकार) असेल तर बीआरसीए या जनुकांची तपासणी करायला हवी, घरात कोणाला कॅन्सर झालेला नसला तरी. अशा दर शंभर बायकांपैकी साधारण १५ ते २० जणींत बीआरसीएचा जन्मजात दोष सापडतो. तो रक्तातून किंवा लाळेतून कळतो. ब्लॉकवर बीआरसीए आणि एचआरडी (कॅन्सरच्या पेशीला तुटलेला डीएनए नीट जोडता येत नाही ती अवस्था) दोन्ही पाहता येतात. दोष असेल आणि केमोला आजाराने चांगला प्रतिसाद दिला असेल, तर केमोनंतर ओलापॅरिबसारखी गोळी सुरू करून आजार उलटणं लांबवता येतं. तिच्या भारतीय कंपन्यांच्या गोळ्याही आता मिळतात, तेव्हा महागडी म्हणून आधीच हात टेकू नका.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये एमएमआर (डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का) ही तपासणी मुख्य. ब्लॉकच्या पातळ कापाच्या स्लाइडवर अशा चार प्रथिनांचे रंग पाहतात, त्यामुळे जनुकीय तपासणीपेक्षा ती स्वस्त पडते आणि काही दिवसांत रिपोर्ट येतो. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आजार पसरलेला किंवा उलटलेला असेल तेव्हा पीडी-एल१ (इम्युनोथेरपीची औषधं लागू पडतील का याचा अंदाज देणारं प्रथिन) विचारतात. आजार सुरुवातीचा असून शस्त्रक्रियेवर किंवा शेक (रेडिएशन) आणि केमोवर भागणार असेल, तर या तपासणीसाठी दागिने मोडायची गरज नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘रिपोर्ट आल्यावर औषध बदलणार आहे का?’ नाही म्हणाले तर पैसे वाचले.

जनुकीय रिपोर्टला साधारण तीन-चार आठवडे लागतात. त्यासाठी केमो थांबवू नका. दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा केमो धरल्या तर चार महिने जातात. नमुना सुरुवातीलाच पाठवला तर गोळीचा निर्णय वेळेत होतो.

योजनेचे कागद

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं. त्याआधी पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला अमरावती, यवतमाळ, वर्धा अशा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतच सातबारा दाखवून लाभ मिळे. सत्तरीपुढच्या आजीसाठी उत्पन्न पाहिलं जात नाही, आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं.

संलग्न रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचा (योजनेच्या मदतनिसाचा) टेबल शोधा. रेशनकार्ड, आधार, बायोप्सी रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी, मोबाइल, एवढं घेऊन जा. खरी अडचण येते नावाची: आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बायोप्सीवर नुसतं ‘कमलाबाई’. हे तहसीलच्या पुरवठा शाखेत आणि आधार केंद्रावर जाऊन आधीच जुळवून घ्या. नागपूरला पोचल्यावर ते होत नाही.

योजना पॅकेजवर चालते. शस्त्रक्रिया, केमो, शेक यांची पॅकेजं आहेत. बायोमार्कर त्यात आपोआप धरलं जातं असं समजू नका. बाहेरच्या लॅबला पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राला आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, पूर्वपरवानगीचा अर्ज टाकता येतो का. आधी खर्च करून मग बिल मागायचा मार्ग जवळपास बंदच असतो. काही औषध कंपन्या डॉक्टरांमार्फत ठराविक रुग्णांची तपासणी मोफत करून देतात. त्याचा फॉर्म डॉक्टरांकडेच असतो, आपण विचारल्याशिवाय तो समोर येत नाही. योजनेबद्दल तक्रार असेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

उरलेल्या उपचारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज करता येतो. त्याला तहसीलदाराचा १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, रेशनकार्ड आणि रिपोर्ट लागतात. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावं लागतं. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि बरं झाल्यावर अर्ज केला तर मिळत नाहीत. उत्पन्नाचा दाखला सेतूतून काढायला वेळ जातो, तेव्हा निदान झालं त्याच आठवड्यात तलाठ्याला गाठा. धर्मादाय रुग्णालयातही १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी १० टक्के खाटा मोफत राखलेल्या असतात. तिथंही हाच दाखला चालतो.

विदर्भात नागपूरचं तुकडोजी महाराज कॅन्सर रुग्णालय, जामठ्याचं राष्ट्रीय कर्करोग संस्थान, नागपूरचंच एम्स आणि मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, एवढी ठिकाणं आधी पाहा. एकदम मुंबईच्या टाटा रुग्णालयाला पळायची गरज नाही. गेलातच तर ब्लॉक, स्लाइड आणि मूळ रिपोर्ट सोबत न्या, नाही तर बायोप्सी पुन्हा करावी लागू शकते.

रिपोर्टमध्ये जन्मजात दोष निघाला तर तो मुलीकडे किंवा मुलाकडे जाण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असते. म्हणून नमुना देण्याआधी जी संमती घेतात तिच्यावर नुसता अंगठा लावून मोकळं होऊ नका, ती समुपदेशकाकडून समजून घ्या. मुलीला दोष असणं म्हणजे तिला कॅन्सर आहे असं नव्हे. लग्न ठरवताना ही गोष्ट पसरेल अशी भीती घरात असते, आणि ती खोटीही नाही. रिपोर्टची प्रत कोणाला द्यायची हे रुग्णानेच ठरवावं. रिपोर्टवर ‘व्हीयूएस’ लिहिलेलं असेल तर जनुकात बदल दिसला आहे, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही, त्यावर औषध सुरू करत नाहीत.

प्रवासाला: रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट. रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र भरून घ्या आणि ते आरक्षण खिडकीवर दाखवा. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट लागतंच.