प्रेस (शब्द)

प्रेस : इंग्रजीतील रोजच्या वापरातला, बहुअर्थी शब्द. लॅटिनमधील ‘प्रेमेरे’ म्हणजे दाबणे या क्रियापदापासून निघून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. दाबण्याची क्रिया, दाबण्याचे यंत्र, छापखाना, वृत्तपत्रे व पत्रकार, इस्त्री, गर्दी, आग्रह हे त्याचे प्रमुख अर्थ. मराठीत तो नाम म्हणून रुळला असून बहुधा स्त्रीलिंगी चालतो.

नाशिकरोडला मात्र हा शब्द जवळजवळ विशेषनाम झाला आहे. ‘वडील प्रेसमध्ये होते’ असे तिथे कोणी म्हणाले, तर ते पत्रकार होते असा अर्थ कोणी घेत नाही. प्रेस म्हणजे सरकारी प्रेस : 1925 साली उभारलेली इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि 1928 ची करन्सी नोट प्रेस. तोपर्यंत भारताच्या नोटा आणि टपाल तिकिटे मुख्यतः इंग्लंडहून छापून येत. 1932 पर्यंत भारतीय चलनातील सगळ्या नोटा नाशिकला छापल्या जाऊ लागल्या. तिकिटे, मुद्रांक आणि पासपोर्टही इथलेच. या भागात ‘प्रेस सुटली’ हे वाक्य घड्याळासारखे वापरले जाई. गांधीनगरला भारत सरकारचा आणखी एक छापखाना असल्याने रिक्षावाला ‘कोणती प्रेस?’ असे विचारतो, तो प्रश्न रास्तच आहे.

शब्दाचा खरा प्रवास द्राक्षापासून सुरू होतो, आणि म्हणून नाशिककराला तो अधिक जवळचा वाटावा. युरोपात छपाईच्या कितीतरी आधी ‘प्रेस’ म्हणजे द्राक्षांचा किंवा ऑलिव्हचा रस काढणारे मळसूत्री दाबयंत्र. 1450 च्या सुमारास माइन्झमध्ये गुटेनबर्गने याच धर्तीचा मळसूत्री दाब शाई लावलेल्या खिळ्यांवर कागद टेकवायला वापरला; माइन्झ हे ऱ्हाइनकाठचे, द्राक्षमळ्यांच्या मुलखातले गाव. पुढे यंत्राचे नाव यंत्र असलेल्या जागेला लागले, जागेवरून छापील मजकुराला, आणि शेवटी मजकूर लिहिणाऱ्या माणसांनाही. त्यामुळे वृत्तपत्रस्वातंत्र्याला इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा मूळ अर्थ छापण्याचे स्वातंत्र्य एवढाच होता. महाराष्ट्रात पत्रकार दिन 6 जानेवारीला असतो, कारण 1832 साली त्या तारखेला ‘दर्पण’ निघाले.

मूळचे रसयंत्र आज दिंडोरी, गंगापूर, विंचूरकडच्या वायनरींत पाहायला मिळते. मळसूत्र बहुतेक ठिकाणी गेले. आता एक आडवे स्टीलचे पिंप असते, त्यात रबरी पडदा. हवा भरली की तो फुगतो आणि द्राक्षे जाळीदार बाजूवर हळूहळू चेपली जातात. हळूहळू अशासाठी की बी फुटली तर रसात कडवटपणा उतरतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आंबवण्याआधी दाबतात, लाल वाइनसाठी आंबवल्यानंतर. खाली उरतो तो चोथा.

समानार्थी शब्दांच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे, हे इथे नोंदवायला हरकत नाही. इंग्रजी एका ‘प्रेस’वर भागवते तिथे मराठीत बटण दाबतात, पाय चेपतात, ऊस पिळतात, मुद्दा रेटतात, प्रकरण दडपतात. यांची अदलाबदल चालत नाही. आजीचे पाय ‘दडपून दिले’ म्हटले तर घरात हशा पिकेल. दडपे पोह्यांत मात्र तेच क्रियापद प्रेमळ होते. यंत्रांचीही तीच तऱ्हा : तेलाचा तो घाणा, उसाचा चरक, चकलीचा सोऱ्या. छापखाना आणि मुद्रणालय हे दोन प्रतिशब्द. पहिला बोलण्यातला, दुसरा पाटीवरचा.

कपड्यांच्या बाबतीत ‘प्रेस’ आणि ‘इस्त्री’ दोन्ही चालतात. लाँड्रीच्या पाटीवर ‘स्टीम प्रेस’ असते, आणि आत जाणारा ‘इस्त्रीला टाकलेले कपडे झाले का?’ असेच विचारतो. इस्त्री हा शब्दही परकाच, पोर्तुगीज वळणाचा. पण ते आता कोणाच्या लक्षात नाही. मोटारसायकलवर लाल अक्षरांत लिहिलेले ‘प्रेस’ अर्थातच इस्त्रीवाल्याचे नसते, आणि दर वेळी पत्रकाराचेही असतेच असे नाही.

स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये भिंतीतल्या कपाटालाही प्रेस म्हणतात. व्यायामशाळेतला ‘बेंच प्रेस’ उघड आहे. जुन्या इंग्रजी आरमारात माणसे जबरदस्तीने भरती करणाऱ्या टोळीच्या नावातही ‘प्रेस’ आहे, पण तो वेगळा शब्द. त्याचे मूळ भरतीच्या वेळी हातावर ठेवायच्या आगाऊ रकमेच्या नावात आहे.

‘प्रेमेरे’चा गोतावळा मोठा आहे. कॉम्प्रेसर, इम्प्रेशन, प्रेशर कुकर हे सगळे त्यातलेच. ‘डिप्रेशन’ही, हवामानखात्याच्या भाषेत त्याचा अर्थ कमी दाबाचे क्षेत्र, आणि माल तयार असताना ते समुद्रात निर्माण झाल्याची बातमी आली की निफाडचा बागाईतदार आभाळाकडे बघत बसतो. ‘एक्सप्रेस’चा धात्वर्थ दाबून बाहेर काढलेले, त्यावरून स्पष्ट सांगितलेले, त्यावरून एका ठराविक कामासाठी सोडलेली गाडी, आणि तिथून जलद गाडी. नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणाऱ्यांना पहिला अर्थ समजावून सांगावा लागत नाही.